शीतप्रारंभाची कसोटी : इंधनघटविषयक संशोधन-वाङ्मयाचे एक परीक्षण

१

हायड्रोजनवर चालणारा इंधनघट गोठणबिंदूच्या खालील तापमानात सुरू होऊ शकतो की नाही, या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत विपुल लेखन झाले आहे. प्रश्न दिसावयास साधा आहे आणि त्याचे उत्तरही एका दृष्टीने केव्हाच मिळाले आहे. उणे २० अंश सेल्सिअसला सुरू होणारा घटसंच तयार झाल्याचे होंडा कंपनीने २००३ मध्ये जाहीर केले आणि पुढल्याच वर्षी तिच्या मोटारी न्यूयॉर्क राज्याच्या थंडीत वापरास गेल्या. २००८ सालच्या ‘एफसीएक्स क्लॅरिटी’ने ही मर्यादा उणे ३० अंशांवर नेली. डिसेंबर २०१४ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटाच्या ‘मिराई’नेही उणे ३० अंशांवर सुरू होण्याची ग्वाही दिली. तेव्हा ‘होतो की नाही’ हा वाद आता उरलेला नाही.

असे असूनही या विषयाचे परीक्षण करण्याचे प्रयोजन आहे. जे उत्तर मिळाले ते ‘उणे अमुक अंश’ अशा एका आकड्याच्या रूपाने मिळाले आणि उद्योगाच्या जाहिरातींतून तो आकडा संशोधन-निबंधांत कसोटी म्हणून शिरला. एखादे नवे पटल, नवा उत्प्रेरक थर किंवा नवी नियंत्रणपद्धती यांचे मोल ‘किती अंशांवर प्रारंभ यशस्वी झाला’ यावरून ठरविण्याची रीत पडली. ही रीत भौतिकदृष्ट्या अपुरी आहे आणि तिच्यामुळे निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना करणे जवळजवळ अशक्य होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे पुढे सांगावयाचे आहे. आपल्याकडे लेहसारख्या ठिकाणी हायड्रोजन-बसगाड्या गेलेल्या असल्यामुळे ही चर्चा आता केवळ परदेशी निबंधांच्या वाचकांपुरती राहिलेली नाही.

२

प्रथम घटाच्या रचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. विल्यम ग्रोव्ह याने १८३९ मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगापासून वीज मिळविली, तेव्हापासून या साधनाचे तत्त्व बदललेले नाही. बदलला आहे तो विद्युतअपघटनी पदार्थ. आजच्या मोटारींत त्याची जागा बहुवारिकाच्या पातळ पटलाने घेतली आहे. या पटलातील सल्फोनिक गटांभोवती पाण्याचे रेणू असतील तरच त्यातून प्रोटॉन सुलभपणे वाहतात, कोरडे पटल वाहकता गमावते. पटलाच्या दोन्ही बाजूंस प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरक थर, त्यांच्या बाहेर कार्बनतंतूंचा सच्छिद्र कागद आणि त्याही बाहेर वायूंच्या पन्हळी कोरलेल्या वाहक पट्ट्या असतात. अशा शेकडो घटांची चळत म्हणजे घटसंच.

कॅथोडवर ऑक्सिजनचे पाणी होते. हे पाणी एरवी वाफेच्या किंवा द्रवाच्या रूपाने हवेच्या प्रवाहाबरोबर बाहेर पडते. गोठणबिंदूच्या खाली मात्र वायूच्या प्रवाहाकडून त्याच्या निर्गमनाची आशा धरता येत नाही. संपृक्त बाष्पदाब ८० अंशांवर सुमारे ४७ किलोपास्कल असतो, तो २० अंशांवर सव्वादोनच्या आसपास येतो आणि उणे २० अंशांवर बर्फावर अवघा ०.१ किलोपास्कल राहतो. म्हणजे प्रारंभकाळी निर्माण होणारे जवळजवळ सर्व पाणी घटातच मुरते किंवा गोठते. काही भाग पटल शोषून घेते. उरलेले पाणी उत्प्रेरक थराच्या छिद्रांत बर्फ होऊन साचते आणि ऑक्सिजनची वाट अडविते. वाट पूर्ण बंद होण्यापूर्वी घट शून्य अंशाच्या वर गेला तर प्रारंभ यशस्वी, न गेला तर अयशस्वी. शीतप्रारंभ म्हणजे पाणी आणि उष्णता यांची ही शर्यत होय.

यावरून एक गोष्ट उघड होते. पाणी आणि उष्णता ही दोन्ही एकाच विद्युतभारातून जन्म घेतात. एक कूलंब भार वाहिला की ०.०९३ मिलिग्रॅम पाणी निर्माण होते. त्याच कूलंबाबरोबर निर्माण होणारी उष्णता (१.४८ वजा घटाचे व्होल्टेज) इतके जूल असते, कारण हायड्रोजनच्या ज्वलनाची सर्व ऊर्जा विजेत उतरली असती तर घटाचे व्होल्टेज १.४८ झाले असते. तेव्हा या शर्यतीचा स्वाभाविक एकक तापमानाचा अंश नसून दर चौरस सेंटिमीटरमागे वाहिलेला विद्युतभार हा आहे.

३

हे विधान आकड्यांनी तपासून पाहता येते. पुढील मूल्ये कोणत्याही एका यंत्राची नव्हेत, सामान्य बांधणीची परिमाणे धरून केलेला हा अंदाज आहे.

दहा मायक्रॉन जाडीच्या आणि निम्म्या पोकळ अशा उत्प्रेरक थरात दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ०.४६ मिलिग्रॅम बर्फ मावेल. इतके पाणी तयार होण्यास जवळजवळ ५ कूलंब लागतात. पंचवीस मायक्रॉन जाडीचे नेहमीच्या प्रकारचे पटल प्रत्येक सल्फोनिक गटामागे ३ रेणूंपासून १४ रेणूंपर्यंत भिजले, तर ते आणखी सुमारे ०.९ मिलिग्रॅम पाणी पोटात घेईल. त्याला साडेनऊ कूलंब लागतात. म्हणजे चांगल्या कोरड्या केलेल्या घटाजवळ एकंदर साडेचौदा कूलंबांची शिल्लक आहे. आता तेच पटल प्रारंभीच १० रेणूंइतके ओले असेल तर त्यात केवळ साडेतीन कूलंबांची जागा उरते आणि एकंदर शिल्लक साडेआठावर येते. पटल तेच, उत्प्रेरक तोच, तापमानही तेच. तरीही केवळ आदल्या रात्री घट कसा बंद केला एवढ्यावरून शिल्लक चाळीस टक्क्यांनी घटली.

दुसऱ्या बाजूस उष्णतेची गरज पाहू. एक दशांश मिलिमीटर जाडीच्या दोन पोलादी पत्र्यांची पट्टी, कार्बन-कागद, पटल आणि पट्टीतील शीतक द्रव यांची एकत्रित उष्णताधारकता दर चौरस सेंटिमीटरमागे, दर अंशास सुमारे ०.२ जूल येते. उणे २० अंशांवरून शून्यावर येण्यास ४ जूल आणि उणे ३० वरून ६ जूल लागतात. घट ०.६ व्होल्टवर चालत असेल तर प्रत्येक कूलंबामागे ०.८८ जूल उष्णता मिळते. म्हणजे अनुक्रमे साडेचार आणि पावणेसात कूलंब पुरतात. असा घट कोरडा असो वा ओला, दोन्ही तापमानांवर निभावून नेईल.

आता पोलादी पत्र्यांऐवजी एकूण चार मिलिमीटर जाडीची ग्रॅफाइटची पट्टी घ्या. उष्णताधारकता ०.६५ जूलपर्यंत जाते. उणे २० वरून वर येण्यास १३ जूल, म्हणजे ०.६ व्होल्टवर पावणेपंधरा कूलंब लागतात. कोरड्या घटाची शिल्लक साडेचौदा होती. प्रारंभ थोडक्यात हुकला. हाच घट मुद्दाम अकार्यक्षम रीतीने, ०.२ व्होल्टवर चालविला तर प्रत्येक कूलंबामागे १.२८ जूल उष्णता मिळते, दहा कूलंबांत काम भागते आणि प्रारंभ यशस्वी ठरतो. हवेचा पुरवठा आखडता घेऊन घटाचे व्होल्टेज पाडावयाचे आणि त्यायोगे त्याला लवकर तापवावयाचे, ही टोयोटाने अवलंबिलेली युक्ती याच हिशेबावर उभी आहे. तिने विजेचे नुकसान होते, परंतु त्याच पाण्यामागे अधिक उष्णता पदरात पडते.

या हिशेबातून एक रूढ समजही दूर होतो. बर्फ वितळविण्यासाठी पुष्कळ उष्णता खर्च होते आणि तीच खरी अडचण आहे, असे लोकप्रिय लेखांतून वाचावयास मिळते. वर सांगितलेल्या थरातील सर्व बर्फ वितळविण्यास दर ग्रॅमला ३३४ जूल या हिशेबाने केवळ ०.१५ जूल लागतात. पट्ट्या तापविण्यास लागणाऱ्या ४ जूलांपुढे ते नगण्य होत. बर्फाचा अपराध उष्णता खाण्याचा नसून वाट अडविण्याचा आहे. ज्या संशोधनाची दिशा बर्फाच्या वितळण्याकडे अधिक आणि पट्ट्यांच्या वजनाकडे कमी असते, त्याने साध्याची निवड चुकविली असे म्हणावे लागते. होंडाच्या २००३ च्या घटसंचात ठशाने घडविलेल्या धातूच्या पट्ट्या होत्या, ही गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४

विद्युतभाराच्या भाषेत विचार करण्याची ही पद्धती नवी नाही. ताजिरी, ताबुची आणि वांग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समतापी शीतप्रारंभाच्या अभ्यासाचे महत्त्व येथेच आहे. त्यांनी ज्ञात आर्द्रतेचा वायू घटातून पुरेसा वेळ वाहू देऊन पटलातील आरंभीचे पाणी निश्चित केले, घटाचे तापमान स्थिर ठेवले आणि तो बंद पडेपर्यंत किती पाणी निर्माण झाले ते मोजले. थॉम्प्सन, जॉर्न, गू आणि गॅस्टायगर यांनी २००८ मध्ये उणे २० अंशांवरील घटाविषयी दोन भागांत जो निबंध लिहिला, त्याच्या पहिल्या भागाचा विषयच मुळी इलेक्ट्रोड आणि पटल यांत साठविता येणारा विद्युतभार हा होता. समतापी प्रयोगात उष्णतेची बाजू बाजूस सारलेली असते. त्यामुळे घटाची पाणी सामावून घेण्याची शक्ती तेवढी स्वच्छपणे दिसते. तिच्या शेजारी उष्णताधारकतेचा आकडा ठेवला की प्रारंभाचे भाकीत करता येते.

या दोन अभ्यासांचा आणखी एक गुण असा की, त्यांनी वर मांडलेल्या सोप्या हिशेबाची मर्यादाही दाखविली. पटलात जागा आहे म्हणजे ती वापरली जाईलच असे नाही. थंडीत पटलातून पाण्याचे विसरण मंद असते. प्रवाह मोठा असेल तर पाणी पटलात शिरण्यापूर्वीच उत्प्रेरक थर भरून जातो. म्हणून लहान प्रवाहाने अधिक पाणी सामावते. परंतु लहान प्रवाहाने घट सावकाश तापतो आणि मिळविलेली उष्णता आजूबाजूस गळून जाते. त्वरा आणि काटकसर यांतील हा विरोध शीतप्रारंभाच्या मुळाशी आहे आणि ‘उणे अमुक अंश’ या आकड्यात त्याचा मागमूसही राहत नाही.

दुर्दैवाने या मार्गाने पुढे गेलेले लेखन त्या मानाने थोडे आहे. पुष्कळ निबंधांत आरंभीच्या पाण्याविषयी ‘कोरड्या वायूने इतके सेकंद निचरा केला’ एवढेच सांगितलेले असते. निचऱ्याचा काळ सांगून पाण्याचे प्रमाण न सांगणे म्हणजे भांडे किती वेळ पालथे ठेवले होते ते सांगून आत किती उरले ते न सांगण्यासारखे आहे. निचऱ्याचा परिणाम घटाच्या त्या वेळच्या तापमानावर अवलंबून असतो. बाष्पदाबाचे वर दिलेले आकडे पाहिले तर ८० अंशांवर अर्ध्या मिनिटात जे साधेल ते २० अंशांवर त्याच्या वीसपट काळातही साधेल की नाही, याची शंका यावी.

५

दुसरा आक्षेप प्रयोगांच्या पुनरावृत्तीविषयी आहे. गोठणबिंदूच्या खाली पाणी लगेच गोठते असे गृहीत धरून रचलेली गणिती प्रतिमाने या विषयात बरीच आहेत. परंतु इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, चालू घटाच्या कॅथोडवर निर्माण होणारे पाणी शून्याखालीही काही काळ अतिशीत द्रवाच्या रूपात राहते आणि मग एकाएकी गोठते. स्फटिकाचे बीज पडणे ही यादृच्छिक घटना आहे. बर्कली येथील संशोधकांनी पुढे सच्छिद्र थरांतील हिमीभवनाच्या या प्रतीक्षाकाळाचा पद्धतशीर अभ्यास केला. शून्याच्या जरा खाली प्रतीक्षा लांब आणि अनिश्चित असते, तापमान खोल गेले की ती आखडते.

याचा अर्थ असा की, उणे ५ किंवा उणे १० अंशांवर एकदा यशस्वी झालेला प्रारंभ हे दैवाचेही फळ असू शकते. तोच घट, तीच रीत, दुसऱ्या दिवशी फळ निराळे. ऑस्झिपोक आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच शीतप्रारंभाकडे संख्याशास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा पायंडा घातला होता. तथापि एकाच प्रयोगाची एकच वक्ररेषा छापून त्यावरून दोन पटलांची किंवा दोन उत्प्रेरक थरांची प्रतवारी करणारे निबंध त्यानंतरही येतच राहिले. उणे २० अंशांवर ही पद्धत कदाचित खपून जाईल. उणे १० अंशांवर ती खपवून घेणे योग्य नव्हे.

तिसरा आक्षेप लहान घट आणि मोठा संच यांतील भेदासंबंधी आहे. प्रयोगशाळेतील एकटा घट जाड धातूच्या दोन पट्ट्यांत आवळलेला असतो. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने तो कधीच तापू शकत नाही. बाहेरची पेटी ज्या तापमानाला ठेवावी त्याच तापमानाला तो राहतो. तेव्हा एकट्या घटावर केलेला ‘स्वयंप्रारंभा’चा प्रयोग हा वस्तुतः समतापी प्रयोगच असतो आणि त्याचे निष्कर्ष त्याच नात्याने मांडले पाहिजेत. उलट संचामध्ये मधले घट एकमेकांना ऊब देतात, पण टोकाच्या घटांची स्थिती बिकट असते. दोन सेंटिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या टोकपट्टीची उष्णताधारकता दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ४.९ जूल, म्हणजे एका पातळ घटाच्या जवळजवळ पंचवीसपट असते. ती टोकाच्या घटाची उष्णता ओढून घेते. संचातील सर्व घटांतून एकच प्रवाह वाहत असल्यामुळे सर्वांत थंड घट सर्वांचे भवितव्य ठरवितो. संचाच्या सरासरी व्होल्टेजाचा आलेख देऊन टोकाच्या घटांविषयी मौन पाळणारा निबंध म्हणूनच महत्त्वाची गोष्ट लपवितो.

६

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. प्रारंभ यशस्वी झाला, पण त्याची किंमत काय पडली? प्रारंभकाळी एखाद्या घटाच्या ॲनोडकडील पन्हळ बर्फाने अडली आणि इतर घटांनी रेटलेला प्रवाह त्यातून वाहू लागला, तर हायड्रोजनअभावी त्या घटाचा ध्रुवभाव उलटतो आणि उत्प्रेरकाला आधार देणारा कार्बनच झिजू लागतो. गाडी सुरू होते. चालकाला काही कळत नाही. नुकसान मात्र कायमचे झालेले असते.

गोठणे-वितळणे यांच्या परिणामांविषयी जे परस्परविरोधी निष्कर्ष या वाङ्मयात आढळतात, त्यांचा उलगडाही पाण्यानेच होतो. चो आणि सहकाऱ्यांना २००३ मध्ये असे आढळले की, उणे १० अंशांपर्यंत वारंवार नेलेल्या घटाची कार्यक्षमता घसरत जाते. पुढल्या वर्षी मॅकडोनल्ड आणि सहकाऱ्यांनी पटल-इलेक्ट्रोड संच उणे ४० ते ८० अंशांच्या दरम्यान ३८५ वेळा फिरवूनही त्यांत मोठा बिघाड झाल्याचे आढळले नाही. वरवर पाहता एकाने दुसऱ्याला खोडून काढले. वस्तुतः पहिल्या प्रयोगातले घट ओले होते आणि दुसऱ्यातले कोरडे. चो यांच्याच गटाने नंतर दाखविले की, गोठविण्यापूर्वी कोरड्या वायूने निचरा केला तर घसरण टळते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि जेथे पाणी नाही तेथे फुगण्यासही काही नाही. आरंभीचे पाणी नोंदविण्याची शिस्त असती तर हा विरोध उत्पन्नच झाला नसता.

येथे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ८० किलोवॅटच्या मोटार-यंत्रणेसाठी ठरविलेल्या उद्दिष्टांचा उल्लेख न्याय्य होईल. ती तीन अंगांची आहेत. उणे २० अंशांवरून ३० सेकंदांत निम्मी शक्ती मिळावी. प्रारंभ आणि विराम मिळून ५ मेगाजूलहून अधिक ऊर्जा खर्च होऊ नये. आणि उणे ३० अंशांवर बाह्य साहाय्यावाचून प्रारंभ व्हावा. यांतील दुसरे अंग विशेष सुज्ञपणाचे आहे, कारण त्यात विरामाचाही खर्च धरला आहे. पाच मेगाजूल म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम हायड्रोजन. लांबलचक निचरा करून घट कोरडा ठणठणीत करावा आणि मग सकाळच्या प्रारंभाचे कौतुक करावे, या मार्गाला त्या अटीने आपोआप आळा बसतो. परंतु उद्धृत होतात ती पहिले आणि तिसरे ही दोन अंगे. दुसरे बहुधा विस्मरणात जाते.

या तीनही अंगांत न सामावणारी एक स्थिती मात्र आहे. थंडीत गाडी सुरू केली, दोन मिनिटे चालविली आणि बंद केली. आता घट कोमट आहे, उत्प्रेरक थरात नुकतेच वितळलेले पाणी आहे, पटल भिजलेले आहे आणि इतक्या कमी तापमानावर निचरा परिणामकारक होत नाही. पुढचा प्रारंभ याच अवस्थेतून करावयाचा आहे. प्रयोगशाळेतील शीतप्रारंभ बहुतेक नेहमी नीट तापलेल्या आणि नीट निचरा केलेल्या घटापासून सुरू होतो. व्यवहारातील वाईट प्रारंभ अपुऱ्या तापलेल्या घटापासून होतो. कसोटी कठीण असावी असे वाटत असेल तर ती तापमान आणखी दहा अंशांनी उतरवून नव्हे, तर हा आखूड फेरा तीत समाविष्ट करून कठीण केली पाहिजे.

७

यावर असा प्रतिवाद होऊ शकेल की, गिऱ्हाइकाला पटलातील रेणूंशी कर्तव्य नाही, गाडी सकाळी सुरू होते की नाही एवढेच त्याला हवे असते. म्हणून एक आकडा पुरेसा आहे. विक्रेत्यापुरते हे खरे आहे. उणे ३० अंशांवर सुरू होण्याची ग्वाही देणाऱ्या कारखान्याने त्यामागे पाण्याचा, उष्णतेचा आणि झिजेचा हिशेब मांडलेला असतो. त्याने तो प्रसिद्ध करावाच असा आग्रह धरता येणार नाही. परंतु विद्यापीठीय संशोधनाचे काम तो हिशेब उघड करणे हेच आहे. उद्योगाने निष्कर्ष द्यावा आणि विद्यापीठांनीही कारणे न देता निष्कर्षच द्यावा, असे झाले तर त्या दोहोंत फरक काय राहिला?

शिवाय हा आकडा जसाच्या तसा उचलल्याने व्यवहारातही घोटाळा होतो. पुण्यात के.पी.आय.टी. आणि सी.एस.आय.आर. यांनी विकसित केलेल्या इंधनघट-बसचे अनावरण ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. तेथील हवामानात शीतप्रारंभाचा प्रश्नच उद्भवत नाही. उष्णता बाहेर टाकणे हीच तेथील चिंता. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २०२३ मध्ये, एन.टी.पी.सी.च्या प्रकल्पातील हायड्रोजन-बस लेहला पोहोचली. लेह ११,५०० फुटांहून उंच आहे, तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असतो आणि जानेवारीतील किमान तापमान सरासरीनेच उणे दहाच्या खाली जाते. म्हणजे येथे थंडीबरोबर ऑक्सिजनची विरळताही आहे. उत्प्रेरक थराची वाट बर्फाने अरुंद झालेली असताना बाहेरचा ऑक्सिजनही विरळ असेल तर घट आधी बंद पडणार, हे उघड आहे. समुद्रसपाटीवरील प्रयोगशाळेतील ‘उणे ३०’ हा आकडा या ठिकाणी काय सांगतो, याचे उत्तर त्या आकड्यात नाही.

उलट, बसगाडीच्या बाबतीत ‘बाह्य साहाय्यावाचून’ ही अट अनावश्यक ठरण्याचा संभव आहे. ती अट ज्या खाजगी मोटारीसाठी घातली गेली ती रस्त्याच्या कडेला कोठेही रात्र काढते. बस रोज रात्री एकाच आगारात परत येते. तेथे शीतक द्रवाला रात्रभर थोडी ऊब देणारी विजेची जोडणी किंवा झाकलेला गाळा ही सोपी साधने उपलब्ध आहेत. घटसंच गोठूच दिला नाही तर बर्फ, टोकाचे घट आणि कार्बनची झीज हे तीनही प्रश्न एकदमच मिटतात. साहाय्याविना प्रारंभाच्या अभिमानापायी हा मार्ग नाकारणे म्हणजे परक्या गरजेसाठी बनविलेल्या मापाने आपले कापड बेतणे होय. अर्थात् रात्रभराची ऊब फुकट मिळत नाही. तिचा खर्च आणि घटसंचाच्या आयुष्यात होणारी वाढ यांची तुलना केल्यावाचून निर्णय घेता येणार नाही, आणि तुलनेसाठी पुन्हा वरचाच हिशेब हाताशी असावा लागेल.

८

या परीक्षणातून निघणारी मागणी फार मोठी नाही. शीतप्रारंभाविषयी लिहिणाऱ्याने तापमानाबरोबर आणखी काही गोष्टी द्याव्यात. पटलात आरंभी किती पाणी होते, ते कसे निश्चित केले. समतापी स्थितीत घट बंद पडेपर्यंत दर चौरस सेंटिमीटरमागे किती कूलंब वाहिले. घटाची किंवा संचाची उष्णताधारकता किती. प्रयोग किती वेळा केला आणि त्यांतून किती वेळा प्रारंभ झाला. विराम धरून एकूण ऊर्जा किती लागली. आणि पुष्कळ प्रारंभांनंतर त्याच घटाचे नेहमीच्या तापमानावरील व्होल्टेज किती उतरले. यांतील एकही मोजणी असाधारण उपकरण मागत नाही. वजनकाटा, आर्द्रतामापक, प्रवाहमापक आणि थोडा संयम एवढ्यावर बहुतेकींचे भागते.

आमच्याकडील प्रयोगशाळांनी या विषयात नुकताच प्रवेश केला आहे. ही उणीव नसून संधी आहे, असे समजावयास हरकत नाही. ज्यांच्यामागे वीस वर्षांच्या नोंदी एका रीतीने लिहिल्या गेल्या आहेत, त्यांना रीत बदलणे जड जाते. आपल्या नोंदवह्यांची पहिली पाने अजून लिहावयाची आहेत. लेहच्या बसगाड्यांचे प्रत्येक हिवाळ्यातील प्रारंभ, आदल्या सायंकाळचा निचरा, सकाळचे तापमान आणि संचातील टोकाच्या घटांचे व्होल्टेज यांसह नोंदविले गेले आणि अभ्यासकांस उपलब्ध झाले, तर विरळ हवेतील शीतप्रारंभाविषयी जी माहिती समुद्रसपाटीवरील कोणत्याही प्रयोगशाळेतून सहजी मिळणार नाही, ती आपल्या हाती येईल.